गवतात खुपसायचा ओलावामापक: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

वाळलेल्या गवताच्या गठ्ठ्यांतला ओलावा आणि तापमान मोजणाऱ्या माझ्या यंत्राच्या सळईची मुठीपाशी एक बारीक वायर तुटली आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, अख्खी सळई नवीन घ्या. सळईची किंमत मूळ यंत्राच्या जवळपास निम्मी. वॉरंटी फक्त डिस्प्लेला आहे, हे उत्तर दर फोनला तेच. सोल्डरिंगचा डाग देऊन दहा मिनिटांत जुळणाऱ्या वायरसाठी एवढे पैसे मागणं मला अजिबात पटलेलं नाही.

यंत्र असं चालतं: सळई गठ्ठ्यात खुपसली की गवतातून वीज किती सहज वाहते त्यावरून ते ओलावा टक्क्यांत दाखवतं, आणि आतलं तापमानही. आता थेट अनुभव सांगतो.

सुरुवातीला ओलाव्याच्या आकड्यांवर माझा विश्वासच बसेना. एकाच गठ्ठ्यात एका जागी १६ टक्के, वीतभर बाजूला २३. खात्री करायला १०० ग्रॅम गवत पूर्ण वाळवून पुन्हा तोललं, ८१ ग्रॅम भरलं, म्हणजे ओलावा १९ टक्के. तेव्हा लक्षात आलं की यंत्र खोटं बोलत नव्हतं, गवतच जागोजागी वेगळं होतं. पानं कुरकुरीत झाली तरी जाड देठांत पाणी राहतं. आता मी एका गठ्ठ्यात निरनिराळ्या जागी टोचतो आणि सरासरी न काढता सर्वांत मोठा आकडा धरतो, कारण बुरशी सर्वांत ओल्या जागीच आधी धरते. लहान चौकोनी गठ्ठ्यांना २० टक्क्यांच्या आत, मोठ्या गोल गठ्ठ्यांना १८ च्या आत, आणि घट्ट दाबलेल्या मोठ्या चौकोनी गठ्ठ्यांना त्याहूनही थोडं कमी, ही मर्यादा मी पाळतो. बुरशी रोखायला प्रोपिऑनिक आम्ल फवारलेल्या गवतात मात्र हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त ओलावा दाखवतं. आम्लामुळे वीज सहज वाहते, म्हणून तिथे आकडा सावधपणे वाचावा लागतो.

तापमानाची सोय घेताना मला वरकड वाटली होती. आज विचाराल तर ओलाव्याचा भाग बंद पडला तरी चालेल, तापमान हवंच. गठ्ठे रचल्यावर सुरुवातीच्या दिवसांत ऊब येतेच. आधी गवताचा स्वतःचा श्वास, मग सूक्ष्मजीव. ५० अंशांपर्यंत मी नुसतं लक्ष ठेवतो. ६५ ला रोज मोजायचं, ७० ला दर चार तासांनी. ८० दिसलं तर गठ्ठे हलवायचे नाहीत, आधी अग्निशमन दलाला बोलवायचं. गंजी उघडली की आत हवा शिरते आणि धुमसणारं गवत पेट घेतं. हा धोका साधारण सहा आठवडे तरी डोक्यावर असतो.

आग लागली नाही तरी नुकसान होतंच. तापलेलं गवत तपकिरी होतं, त्याला गोडसर वास येतो, जनावरं ते आवडीने खातात आणि आपण खूश होतो. पण त्या उष्णतेत प्रथिनं अशी बांधली जातात की जनावराला ती पुरती पचत नाहीत. बुरशी धरलेल्या गवताची धूळ आपल्या फुप्फुसांनाही बाधते, हे तर वेगळंच.

आता माझी खरी तक्रार: सळईची लांबी. अर्धा मीटर! दीड मीटर व्यासाच्या गोल गठ्ठ्याचा मध्य पाऊण मीटर आत असतो आणि सर्वांत जास्त उष्णता तिथेच साठते. म्हणजे जिथे मोजायला हवं तिथे हे यंत्र पोहोचतच नाही, आणि बाहेरच्या थराचा आकडा पाहून माणूस निश्चिंत होतो. लांब सळई वेगळी विकतात. हे पेटीवर ठळक लिहायला हवं होतं.

वायर तुटल्यावर मी लोखंडी नळीचं एक टोक ठोकून निमुळतं केलं, टोकाजवळ छिद्रं पाडली, गंजीत खोल घातली आणि आत दोरीने थर्मामीटर सोडला. दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की आकडा मिळतो. खर्च नगण्य, आणि मध्यापर्यंत पोहोच! गंजीवर चढून मोजायचं असेल तर फळ्या टाकून त्यांवर उभं राहा, कमरेला दोर बांधा आणि खाली एक माणूस ठेवा. आत जळून पोकळी झालेली असेल तर पाय खाली जातो.

वायर शेवटी घरीच जोडली. वाळवून तोललेल्या नमुन्याशी आता एखाद्या टक्क्याचाच फरक येतो. ओलावा वर सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दाखवला तर मी ते गवत गंजीत घालत नाही. वापरून टाकतो किंवा पुन्हा पसरून वाळवतो. अगदीच ओलं, ४० ते ६० टक्क्यांचं असेल तर प्लॅस्टिकच्या सहा थरांत हवाबंद गुंडाळून आंबवतो.

हाताने उचलता येतील एवढे गठ्ठे असतील तर ही आखूड सळई पुरते. गोल मोठे असतील तर लांब सळईचंच मॉडेल मागा, आणि सुटी वायर मिळते का ते पैसे देण्याआधी विचारून घ्या.