कौलं उतरवून कौलाच्या आकाराचा पत्रा घातला, त्याला दोन पावसाळे झाले

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत वीस मिनिटांवर. दोन पाख्यांचं, मंगलोरी कौलांचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात दक्षिणेकडच्या पाख्याची निम्मी कौलं गेली, उरलेली नंतरच्या तीन-चार वर्षांत वानरांनी संपवली. दर मे महिन्यात कौलं परतायची आणि ऑगस्टमध्ये पुन्हा माजघरात पातेली मांडायची. कौलं चाळणारी माणसंही आता मिळत नाहीत. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये सगळी कौलं उतरवली आणि कौलाच्या आकाराचा रंगीत पत्रा घातला. आमच्याकडे आता बरेच जण हाच विचार करतायत म्हणून अनुभव सविस्तर लिहिते.

कौलं उतरवताना एक तागडीत घालून पाहिलं: दोन किलो आठशे ग्रॅम, तेही कोरडं. अशी सोळाशेच्या आसपास कौलं, म्हणजे साडेचार टन ओझं. त्या जागी आलेले २४ पत्रे मिळून पावणेसहाशे किलो. ऐनाचे जुने वासे हे ओझं उतरल्यावर अक्षरशः हलके झाले. दोन वाशांची टोकं वाळवीने खाल्ली होती, तेवढी बदलली. बाकी लाकूड तसंच ठेवता आलं, हा माझ्या मते या पत्र्याचा सगळ्यात मोठा फायदा.

पण हलकेपणाची दुसरी बाजू मला काम सुरू झाल्यावर कळली. कौल स्वतःच्या वजनाने बसतं. वारा आला तर कौलं सरकतात, फुटतात, पण पाखं जागेवर राहतं. पत्र्याला स्वतःचं वजनच नाही. वारा वळचणीतून आत शिरला की तो पत्र्याला खालून उचलतो, आणि धरून ठेवायला फक्त स्क्रू असतात. निसर्गच्या वेळी शेजारच्या गोठ्याचे अख्खे पत्रे आमच्या माडांत येऊन अडकले होते. त्यामुळे पत्रा कुठल्या कंपनीचा हे विचारायच्या आधी तो बसवणार कोण आणि कसा, हे विचारा.

आम्ही आधी ज्याला काम दिलं त्याने मला नाराज केलं. जुन्या रिपा (वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्ट्या) काढून चौकोनी लोखंडी ट्यूब टाकायच्या होत्या. या पत्र्याला दर ३५० मिलिमीटरवर कौलासारखी पायरी असते आणि ट्यूब बरोबर त्या पायरीखाली यावी लागते. त्याने नेहमीच्या पत्र्यासारख्या तीन-तीन फुटांवर टाकल्या. वर पत्रा ग्राइंडरने कापला. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी रंग आणि खालचा मुलामा दोन्ही जळतात आणि लोखंडाचा कीस पत्र्यावर पडून गंजतो. मेच्या अखेरीस दोन वळवाच्या सरी झाल्या आणि कापलेल्या कडेला तपकिरी ठिपके दिसायला लागले. स्क्रू त्याने उंचवट्यावर मारले होते. तिथे पत्र्याखाली पोकळी असते, स्क्रू आवळला की पत्रा चेपतो आणि वायसर तिरका बसतो. पहिल्या मोठ्या पावसात ओटीवर सहा ठिकाणी गळलं. हिशेब अर्धा देऊन त्याला थांबवलं.

दुसरे मिस्त्री खेडकडून आले. वर चढायच्या आधी त्यांनी दोरी धरून दोन्ही पाख्यांचे कर्ण मोजले. मला म्हणाले, ‘वहिनी, घर गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही, दोन इंचांचा फरक आहे. पहिला पत्रा भिंतीच्या सुतात लावला तर आढ्यापर्यंत सगळ्या पायऱ्या तिरक्या दिसतील.’ त्यांनी वळचणीला सूत बांधून पहिला पत्रा त्या सुतात लावला आणि दोन इंचांचा फरक कडेच्या पट्टीखाली झाकला. ट्यूबा पुन्हा बसवल्या, प्रत्येक वाशाला बोल्टने. पत्रे वळचणीपासून आढ्यापर्यंत एकसलग, साडेचार मीटरचे, त्यामुळे मध्ये आडवा जोड नाही. कापाकापी सगळी पत्र्याच्या कात्रीने. स्क्रू पायरीच्या अगदी खाली, खोलगट भागात, जिथे पत्रा ट्यूबवर टेकतो. कडेच्या आणि वळचणीच्या ओळीत प्रत्येक खोलगटीत एक, मधल्या भागात एकाआड एक. रबरी वायसर किंचित दबला की थांबायचं, बाहेर फुगला म्हणजे जास्त आवळला. मी खाली उभी राहून हे सगळं पाहिलं आणि त्या माणसाच्या कामाचा मला फार आदर वाटला. संध्याकाळी खाली उतरायच्या आधी ते स्वतः मऊ कुंच्याने कीस झाडायचे.

पत्रा घेताना जाडी दोन प्रकारे सांगतात: रंग-मुलाम्यासकट आणि नुसत्या पोलादाची. दुकानदार ०.५० मिलिमीटर म्हणाला ती रंगासकट होती. पत्र्याच्या पाठीवर छापलेलं असतं, ते वाचून घ्या. मुलामा अॅल्युमिनियम-जस्ताचा, चौरस मीटरला १५० ग्रॅमचा घेतला. खाऱ्या वाऱ्यात त्याहून कमी घेऊ नये. आणि वॉरंटीच्या कागदातली समुद्रापासूनच्या अंतराची अट आधी वाचा. आम्ही नंतर वाचली.

आता राहण्याबद्दल. दुसऱ्या मिस्त्रींनी काम केल्यापासून गळती शून्य, दोन्ही पावसाळ्यांत. वानरं अजूनही उड्या मारतात, पण फुटायला काही नाही. एक नारळ पडून पोचा आला, पाणी मात्र आत आलं नाही. पाऊस जोरात असला की ओटीवर बोलणं ऐकू येत नाही. माजघरावर माळ्याच्या फळ्या आहेत, तिथे चालतं. पहिल्या रात्री सासूबाई उठून बसल्या होत्या, म्हणाल्या, पाऊस घरात आल्यासारखा वाटतोय. उन्हाळ्यात माळा तापतो. पत्र्याखाली चकचकीत फॉइलची गादी अंथरली आहे आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळ्या ठेवल्या आहेत, म्हणून खाली सुसह्य आहे. कौलांच्या फटींतून घर जो श्वास घ्यायचं तो मात्र गेला. चुलीचा धूर पूर्वी कौलांतून आपोआप निघून जायचा, आता धुराड्यासाठी भिंत फोडावी लागली.

पत्रा, ट्यूब, स्क्रू, कोने आणि मजुरी मिळून चौरस फुटाला १७० रुपये पडले, पहिल्या माणसाचं नुकसान वेगळं.

मला सर्वांत जास्त खुपतं ते स्वयंपाकघर. तिथे वर काचेची दोन कौलं होती. सकाळी नऊच्या सुमारास उजेडाचा पट्टा ओट्यावर यायचा आणि तांदूळ निवडायला दिवा लागायचा नाही. या पत्र्याच्या आकाराशी जुळणारा पारदर्शक तुकडा आम्हाला दापोली, खेड, चिपळूण कुठेच मिळाला नाही. कंपनीने हा तुकडा बनवायलाच हवा. ज्या घरांसाठी ते कौलाचा आकार देतात, त्या प्रत्येक घरात काचेचं कौल असतंच. आता स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावते. ती दोन कौलं मी पुसून माळ्यावर ठेवली आहेत. मेमध्ये मिस्त्री स्क्रू तपासायला येणार आहेत, तेव्हा पूर्वेच्या भिंतीत वर एक झरोका काढून ती तिथे बसतात का ते बघणार आहोत.