अॅडमिन पासवर्ड न देता सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याचे तीन मार्ग

फोंड्यातील एका पतसंस्थेचे संगणक मी सांभाळतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अपडेट आला की अॅडमिन पासवर्ड मागितला जाई, मी मडगावहून पोहोचेपर्यंत काम अडून राही, आणि एके दिवशी तो पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या जून महिन्याच्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेला मला आढळला. कारकुनाला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर ठेवीदारांची रांग उभी होती. त्यानंतर विंडोजवरील तीन पर्याय पारखताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न लावला: सॉफ्टवेअर बसवून झाल्यावर त्याची फाइल कोण बदलू शकतो?

पहिला पर्याय म्हणजे सॉफ्टवेअर वापरकर्त्याच्या अॅपडेटा फोल्डरमध्ये बसवणे. अॅडमिन हक्क नसल्यास क्रोम असेच बसते, आणि व्हीएस कोड या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाची युझर आवृत्तीही तिथेच जाते. अपडेट विनासायास होतात. मात्र ते फोल्डर वापरकर्त्याला लिहिण्यास खुले असल्यामुळे, ईमेलमधून शिरलेला आणि त्याच्याच नावाने चालणारा घातक प्रोग्राम मूळ फाइलच्या जागी स्वतःची फाइल ठेवू शकतो. डाउनलोडच्या वेळी डिजिटल सही (फाइल खरोखर प्रकाशकाचीच असून बदललेली नाही याची खूण) तपासली होती, याचा तेव्हा काही उपयोग नसतो. कोणते प्रोग्राम चालू द्यायचे हे ठरवणाऱ्या विंडोजमधील अॅपलॉकर या सुविधेचे मूळ नियम सामान्य वापरकर्त्याला विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांतीलच प्रोग्राम चालवू देतात. त्यातून वाट काढण्यासाठी अनेक जण संपूर्ण अॅपडेटाला मुभा देतात, आणि हे मला फार धोक्याचे वाटते. मुभा द्यायचीच असेल तर प्रकाशकाच्या सहीवरून द्यावी.

दुसरा पर्याय एमएसआयएक्स पॅकेजचा, म्हणजे विंडोजवर सॉफ्टवेअर बसवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या एका स्वरूपाचा, आहे आणि माझा कल त्याच्याकडे आहे. पॅकेजवरील सहीचे प्रमाणपत्र संगणकाला विश्वासार्ह वाटत असेल, तर सामान्य वापरकर्ताही ते बसवू शकतो. तरीही फाइल्स विंडोजअॅप्स या संरक्षित फोल्डरमध्ये जात असल्याने नंतर त्यांना हात लावणे त्याला शक्य नसते. अपडेटच्या वेळी 64 केबीच्या तुकड्यांपैकी बदललेले तेवढेच उतरवले जातात, त्यामुळे मंद इंटरनेटवरही काम भागते. पावसाळ्यात मध्येच वीज गेली तरी नवी आवृत्ती पूर्ण उतरेपर्यंत जुनी जागेवर राहते, आणि ज्याने गोव्यातील जुलै कार्यालयात काढला आहे त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. उणीव अशी की कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणारे ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारे प्रोग्राम) या पॅकेजमध्ये घालता येत नाहीत, आणि प्रमाणपत्र संस्थेचे स्वतःचे असेल तर ते प्रत्येक संगणकावर एकदा अॅडमिननेच बसवावे लागते.

विक्रेता असे पॅकेज देत नसेल तर तिसरा पर्याय उरतो: सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये एकदा बसवून पुढचे अपडेट उच्च हक्कांच्या सर्व्हिसवर, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवणे. फायरफॉक्सने 2012 मध्ये अशी सर्व्हिस आणली. इथे विक्रेत्याला एक गोष्ट अवश्य विचारावी: उतरवलेली फाइल आधी संरक्षित फोल्डरमध्ये नेऊन मगच तिची सही तपासली जाते का? वापरकर्त्याच्या फोल्डरमध्येच सही तपासली, तर तपासणी आणि वापर यांच्यामधल्या क्षणात फाइल बदलता येते, आणि बदललेली फाइल थेट अॅडमिन हक्कांनी चालते. अशी सर्व्हिस मी पहिल्या पर्यायापेक्षाही वाईट मानतो.

आमच्या हिशेबाच्या विक्रेत्याने या प्रश्नाचे लेखी उत्तर दिल्यावर आम्ही तिसरा मार्ग घेतला, आणि ज्या सॉफ्टवेअरची एमएसआयएक्स पॅकेजे मिळाली ती दुसऱ्या मार्गाने बसवली. पासबुक प्रिंटरच्या ड्रायव्हरसाठी मात्र मला अजूनही फोंड्याला जावे लागते.