मामाचारी: निशी-कसाईतल्या चौदा महिन्यांचा अनुभव

तोक्योतल्या निशी-कसाई भागात राहायला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात फ्रीज, वॉशिंग मशीन आणि भाताचा कुकर घेतला. सायकल घेतली पाचव्या महिन्यात. नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, आधी सायकल घ्या, बाकीचं सावकाश.

जपानीत मामा म्हणजे आई आणि चारी हा सायकलीचा बोलीतला शब्द; मामाचारी म्हणजे आयांची, रोजच्या कामाची सायकल. खाली वाकलेला दांडा, पुढे बास्केट, मागच्या चाकाला गोल कुलूप. मी तीन गिअरची घेतली आणि मागे मुलाची सीट बसवून घेतली. बॅटरीवाली लाख येनच्या वर जाते, आणि आमच्या भागात तिची गरज पडली नाही. एदोगावा वॉर्डचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, सगळं सपाट. दम लागतो तो अराकावा नदीच्या पुलावर आणि हिवाळ्यातल्या समोरच्या वाऱ्यात.

सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे स्टँड. आपण स्कूटर डबल स्टँडला लावतो, तसाच पाय देऊन मागे ओढायचा. तो लागला की हँडल आपोआप जखडतं. त्यामुळे मुलाला उचलून सीटवर ठेवताना पुढचं चाक वळून सायकल आडवी होत नाही. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात सतरा किलोचं पोर आणि वरून पाऊस, अशा वेळी त्याची किंमत कळते.

दहाव्या महिन्यात मागचं चाक रोज रात्री बसायला लागलं. पंक्चर सापडेना. दुकानातल्या आजोबांनी व्हॉल्व्ह काढला आणि त्यावरची चिरलेली काळी रबरी नळी मला दाखवली. म्हणाले, ‘मुशी-गोमू’. मुशी म्हणजे किडा, गोमू म्हणजे रबर. मी बघतच राहिले. ही तर आपली वॉलट्यूब! पुण्यात बाबा थुंकी लावून ती बसवायचे, तेव्हा मी शेजारी पंप धरून उभी असायची. परक्या गावात इतकं ओळखीचं काही हाती लागेल असं वाटलं नव्हतं. आता शंभर येनच्या दुकानातून पाकीट आणून मीच बदलते. दर पंधरवड्याला हवा भरली की नळी जास्त टिकते.

मनस्ताप झाला तो पार्किंगचा. सुरुवातीला एकदा स्टेशनबाहेर, इतर सायकलींच्या रांगेतच, औषध आणेपर्यंत लावली. परत आले तर अख्खी रांग गायब. मनाईची पाटी होती, पण मला कांजी लिपी वाचता येत नव्हती. मुलाला घेऊन जप्तीच्या आवारापर्यंत चालत गेले, रेसिडेन्स कार्ड दाखवलं, पैसे भरले. रडूच आलं होतं. तेव्हापासून दहा मिनिटांसाठीसुद्धा चुरिनजोतच, म्हणजे सायकलतळावरच लावते.

शेजारच्या कसाई स्टेशनाखालचा तळ तर मुद्दाम जाऊन बघावा. 2008 साली सुरू झालेल्या या तळात 9,400 सायकली मावतात, त्यातल्या बऱ्याचशा यंत्राने लावल्या जातात. पुढचं चाक खाचेत ठेवायचं, बटण दाबायचं. दार उघडतं, सायकल आत ओढली जाते आणि जमिनीखाली उतरते. परत मागितली की अर्ध्या मिनिटाच्या आत समोर हजर. तिथेच स्टेशनाला लागून मेट्रोचं संग्रहालय आहे, पण आमचा मुलगा या दारासमोरून हलत नाही.

कागदपत्रांत आळस करू नका. चोरीविरोधी नोंदणी दुकानातच होते, दांड्यावर स्टिकर लागतं. ओळखीच्यांकडून जुनी घेतली तर हस्तांतराचा कागद घेऊन ती आपल्या नावावर करून घ्या. मला एकदा रात्री पोलिसांनी थांबवून नंबर तपासला. नाव जुळलं म्हणून पाच मिनिटांत सुटले. तोक्योत एप्रिल 2020 पासून सायकलचा विमा सक्तीचा आहे. हेल्मेट न घातल्यास दंड नाही, तरी घाला. एप्रिल 2026 पासून सोळा वर्षं आणि त्यावरच्यांना थेट दंडाची पावती मिळते: चालवताना हातात मोबाइल धरून वापरला तर 12,000 येन, छत्री धरून चालवली तर 5,000. म्हणून पावसाळी पोंचो आधीच घेऊन ठेवा.

खोट काढायचीच तर वजन. सीटसकट ती जिन्यावरून नेणं माझ्याच्याने होत नाही. सीटची उशीही उन्हाने फाटली.

रविवारी आम्ही कसाई रिंकाई पार्कला जातो. तिथला मोठा आकाशपाळणा दिसला की मागून ओरडा होतो आणि परतीच्या वाटेवर माझ्या पाठीवर डोकं टेकलेलं असतं. पुढच्या एप्रिलमध्ये तो पहिलीत जाईल. शाळेत जाणाऱ्या मुलाला मागे बसवायला परवानगी नाही, तेव्हा ती सीट काढावी लागेल.