बँडकॅम्प : मराठी स्वतंत्र संगीतकाराच्या हिशेबातून

स्वतःच्या चाली, स्वतःचे शब्द आणि स्वतःच्याच खर्चाने केलेले ध्वनिमुद्रण घेऊन उभ्या राहणाऱ्या मराठी बँडला आज गाणे लोकांसमोर ठेवण्याची अडचण फारशी उरलेली नाही. अडचण आहे ती गाण्यावर झालेला खर्च वसूल होण्याची. स्टुडिओचे भाडे, वादकांची नाईट (मानधन), मिक्सिंग आणि मास्टरिंग हे ध्वनिमुद्रणावरचे शेवटचे संस्कार, हे सगळे पैसे आधी द्यावे लागतात आणि स्ट्रीमिंगमधून परत येणारी रक्कम बहुतेकांच्या बाबतीत त्या खर्चाच्या जवळपासही जात नाही. त्यातच स्पॉटिफायने २०२४पासून असा नियम केला आहे, की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा वाजले नाही, तर त्या गाण्याला मोबदलाच मिळत नाही. अशा परिस्थितीत श्रोत्याला थेट गाणे विकू देणारी बँडकॅम्प ही अमेरिकी सेवा आपल्याकडच्या छोट्या बँडला, एकट्याने काम करणाऱ्या गीतकार-गायकाला किंवा वाद्यसंगीत करणाऱ्या कलाकाराला कितपत उपयोगी पडते, हे मी येथे तपासून पाहणार आहे. माझे मत आधीच सांगतो : ही सेवा घेण्याजोगी आहे, मात्र महाराष्ट्रातल्या श्रोत्याला तिचे दुकान जसेच्या तसे उपयोगाचे नाही, आणि ही गोष्ट लक्षात न घेता खाते उघडणाऱ्याच्या पदरी निराशाच येण्याची शक्यता अधिक आहे.

बँडकॅम्प २००८मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाले. कलाकाराने फुकट खाते उघडायचे, गाणी वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक अशा गुणवत्ता न घटवणाऱ्या स्वरूपात चढवायची, मुखपृष्ठ आणि श्रेयनामावली द्यायची आणि किंमत ठरवायची, इतकी साधी त्याची रचना आहे. पुढे एमपीथ्रीपासून फ्लॅकपर्यंत हव्या त्या स्वरूपात गाणे उतरवून घेण्याची सोय खरेदीदाराला आपोआप मिळते. किंमत ठाम ठेवता येते, किमान किंमत सांगून त्याहून अधिक देण्याची मुभा देता येते किंवा संपूर्ण निर्णय श्रोत्यावर सोडता येतो. माझा आग्रह दुसऱ्या पर्यायासाठी आहे, कारण ज्याला खरोखर मदत करायची असते त्याची वाट आपण ठाम किमतीने विनाकारण अडवतो, तर किंमतच न सांगितल्यास आपल्या कामाची किंमत आपणच शून्यावर आणून ठेवतो. गाण्याचे शब्द देण्यासाठी प्रत्येक गाण्याखाली स्वतंत्र जागा आहे आणि तेथे देवनागरी नीट दिसते. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना देवनागरी वाचता येतेच असे नाही, म्हणून त्याखाली रोमन लिपीतही शब्द द्यावेत.

पैशांचा हिशेब मात्र बारकाईने समजून घ्यायला हवा. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के घेते, आणि बारा महिन्यांतली विक्री ५,००० डॉलरपर्यंत गेली, की हा वाटा १० टक्क्यांवर येतो. सीडी, कॅसेट, टी-शर्ट अशा वस्तूंवर तो सुरुवातीपासून १० टक्केच असतो. याखेरीज पैसे वळते करणाऱ्या यंत्रणेचे शुल्क वेगळे लागते, आणि त्यात टक्केवारीबरोबरच दर व्यवहारामागे एक ठरावीक रक्कमही असते. सात डॉलरचा अल्बम विकला गेला, तर त्यातले एक डॉलर पाच सेंट बँडकॅम्पकडे जातात, व्यवहारशुल्कापोटी आणखी अर्ध्या डॉलरच्या आसपास वजा होतात आणि रुपयांत रूपांतर होण्याआधी आपल्या वाट्याला सव्वापाच-साडेपाच डॉलर उरतात. एकच गाणे एका डॉलरला विकले, तर त्या ठरावीक रकमेमुळे वजावट टक्केवारीत कितीतरी मोठी होते. म्हणून सुट्या गाण्यांपेक्षा चार-पाच गाण्यांचा संच करून तो विकणे नेहमीच फायद्याचे ठरते. एकल गाणी स्ट्रीमिंगसाठी ठेवावीत आणि बँडकॅम्पवर संच ठेवावा, असे मी प्रत्येक नव्या बँडला सांगतो.

वर्षातल्या काही ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटा सोडून देते. करोनाकाळात, २० मार्च २०२० रोजी, ही प्रथा सुरू झाली. हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे मोजला जातो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी त्याच वेळी संपतो. आपल्याकडचे अनेक कलाकार शुक्रवारी सकाळीच घोषणा करून मोकळे होतात, आणि त्यावर विसंबून सकाळी झालेल्या खरेदीतून नेहमीचा वाटा कापला जातो. घोषणा दुपारनंतर करावी आणि शनिवारी सकाळी एकदा आठवण द्यावी. भारतातली शनिवारची सकाळ ही अमेरिकेतली शुक्रवारची संध्याकाळ असते आणि खरेदी करणारा मराठी माणूस तेव्हा कामावरून घरी आलेला असतो.

आता मुख्य अडचणीकडे वळतो. बँडकॅम्पवर रुपयांत किंमत लावता येत नाही आणि यूपीआयने पैसे देता येत नाहीत. कलाकाराला पैसे मिळतात ते पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेमार्फत, आणि पेपालने १ एप्रिल २०२१पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केलेले आहेत. परिणामी सांगलीच्या किंवा ठाण्याच्या श्रोत्याला पुण्यातल्या बँडचा अल्बम विकत घ्यायचा असेल, तर तो परदेशी चलनातल्या किमतीकडे पाहूनच बिचकतो, आणि त्यातूनही पुढे गेला तर पैसे भरण्याच्या टप्प्यावर अडकू शकतो. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे मोबाइलवरून पैसे देणाऱ्या माणसाने आपल्यासाठी इतका खटाटोप करावा, अशी अपेक्षा ठेवणे मला योग्य वाटत नाही.

यावर एक चांगला मार्ग आहे आणि तो बँडकॅम्पच्याच सोयींमध्ये दडलेला आहे. अल्बमसाठी डाउनलोड कोड तयार करता येतात. प्रत्येक कोड एकदाच वापरता येतो आणि तो बँडकॅम्पच्या पानावर टाकला, की संपूर्ण अल्बम त्या माणसाला मिळतो. फुकट खात्याला महिन्याला अशा २०० डाउनलोडची मुभा असते, त्याहून अधिक हवी असल्यास थोडे पैसे भरून ती वाढवता येते. हे कोड व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या जाड कागदावर छापून घ्यावेत. पुढच्या बाजूला अल्बमचे मुखपृष्ठ, मागे कोड, त्याखाली तो कोठे टाकायचा तो पत्ता आणि क्यूआर, आणि सर्वांत खाली मराठीत दोन ओळींची सूचना, एवढा मजकूर पुरेसा होतो. कोड मोठ्या आणि सुट्या अक्षरांत छापावा, कारण सभागृहाबाहेरच्या अंधूक उजेडात शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांतला फरक वाचणाऱ्याला कळत नाही आणि कोड चालत नसल्याची तक्रार मग आपल्याकडे येते. कार्यक्रम संपल्यावर दाराशी टेबल मांडून हे कार्ड दीडशे-दोनशे रुपयांना यूपीआयवर विकले, तर व्यवहार रुपयांत होतो, पैसे तत्काळ आपल्या खात्यात येतात आणि त्यातून बँडकॅम्पला काहीही द्यावे लागत नाही. टेबलाशी बँडपैकी एकाने स्वतः उभे राहावे. गाणे आवडलेल्या माणसाला गायकाशी दोन शब्द बोलायचे असतात आणि कार्ड बहुतेकदा त्या बोलण्यातच विकले जाते.

परदेशातल्या मराठी श्रोत्यासाठी मात्र बँडकॅम्प जसे आहे तसेच उत्तम आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२पासून काम करत आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची मिळून दर दोन वर्षांनी बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने भरतात, आणि या सगळ्या घरांत नवे मराठी गाणे ऐकण्याची इच्छा असलेली माणसे आहेत, ज्यांना सात डॉलर ही रक्कम जड नाही. विक्रीचे पैसे पेपालवरून भारतातल्या बँक खात्यात आपोआप वर्ग होतात. ते पेपालमध्ये साठवून ठेवता येत नाहीत आणि विनिमयाचा दर पेपालचा असल्याने तेथे थोडी घट सोसावी लागते. या रकमेतून कोणी टीडीएस कापत नाही, हे विसरू नये. वर्षाचा एकूण कर १०,००० रुपयांच्या वर जाणार असेल, तर आगाऊ कर भरण्याची जबाबदारी आपली असते, म्हणून आलेल्या प्रत्येक रकमेतला काही भाग वेगळ्या खात्यात टाकण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी. बँडमध्ये चार जण असतील, तर पेपाल कोणाच्या पॅनवर आहे आणि वाटणी कशी होणार, हे कागदावर लिहून सर्वांनी सही करावी. बँड फुटतात ते पुष्कळदा याच मुद्द्यावर.

वस्तू पाठवण्याच्या बाबतीत मी सावध राहण्याचा सल्ला देईन. सीडी किंवा टी-शर्ट बँडकॅम्प विकून देते, पण बांधणे, टपालखर्च ठरवणे आणि पाठवणे हे काम कलाकाराचेच असते. अमेरिकेने ऑगस्ट २०२५मध्ये ८०० डॉलरपर्यंतच्या वस्तूंवरची शुल्कमाफी काढून घेतली, तेव्हा भारतीय टपाल खात्याला तिकडे जाणारी पार्सले काही आठवडे थांबवावी लागली होती. ज्या बँडकडे या कामाला वेळ देणारा माणूस नाही, त्याने केवळ डिजिटल विक्री ठेवावी आणि वस्तू परदेश दौऱ्यात बरोबर न्याव्यात.

माझ्या मते या सेवेची सर्वांत मोलाची देणगी वेगळीच आहे. खरेदी करताना ज्याने परवानगी दिली, त्या श्रोत्याचा ई-मेल पत्ता आणि देश कलाकाराला मिळतो आणि ही संपूर्ण यादी केव्हाही उतरवून घेता येते. स्ट्रीमिंग सेवा आपल्याला आकडे दाखवतात. अमुक शहरात इतक्या लोकांनी ऐकले एवढेच त्यातून कळते, पण त्या लोकांपैकी एकालाही आपण पत्र लिहू शकत नाही. समाजमाध्यमांवर अनुयायी असले, तरी आपली पोस्ट त्यांतल्या किती जणांना दाखवायची हे ती कंपनी ठरवते. दोनशे खरेदीदारांची यादी हाती असलेला बँड एखाद्या मंडळाला ठामपणे लिहू शकतो, की तुमच्या देशात आमची गाणी विकत घेणारे इतके लोक आहेत, आणि मानधनाची बोलणी त्यामुळे वेगळ्या पातळीवर सुरू होतात. नव्या अल्बमसाठी आगाऊ नोंदणी करायची असेल, छोट्या सभागृहात तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल, तर पहिली पन्नास तिकिटे याच यादीतून जातात.

गाणी चढवण्यापूर्वी हक्कांचा विचार करणे आवश्यक आहे, कारण बँडकॅम्पवर हे गाणे माझे आहे असे आपणच जाहीर करत असतो. मराठी बँड अभंगांकडे वळतात हे स्वाभाविक आहे, आणि तुकोबांचे किंवा जनाबाईंचे शब्द सर्वांचेच आहेत; पण आपल्या कानात बसलेली चाल अनेकदा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते, आणि भारतीय कायद्याप्रमाणे तिच्यावरचा हक्क त्या संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. केवळ गिटार आणि ड्रम्स घालून ती आपली होत नाही. कव्हरसाठी, म्हणजे दुसऱ्याचे गाणे आपण नव्याने ध्वनिमुद्रित करण्यासाठी, कॉपीराइट कायद्यात कलम ३१सी आहे खरे, पण मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटलेली असणे, आधी सूचना देणे आणि किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन आगाऊ भरणे अशा अटी त्यात आहेत, आणि त्या छोट्या बँडला झेपण्यासारख्या नाहीत. अभंग घ्यायचा असेल, तर चाल नवी बांधावी. असे केल्याने नाव आणि उत्पन्न दोन्ही आपले राहतात आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे, त्या रचनेची नोंदही करता येते.

मालकीचा प्रश्न मला मनापासून काळजीचा वाटतो. स्वतंत्र कलाकारांचे दुकान म्हणून नाव कमावलेली ही कंपनी २०२२मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीने घेतली, पुढच्याच वर्षी ती साँगट्रॅडर या संगीताचे परवाने देणाऱ्या कंपनीला विकली गेली आणि त्या हस्तांतरात जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. संगीताची जाण असलेली जी माणसे तेथे लेखन आणि निवड करत होती, त्यांतल्या अनेकांचा त्यात समावेश होता. सेवा अद्याप पूर्वीच्याच दराने आणि पूर्वीच्याच पद्धतीने चालू आहे, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण दोन वर्षांत दोनदा हात बदललेल्या दुकानावर आपला सगळा व्यवसाय उभा करू नये. महिना १० डॉलर भरून मिळणाऱ्या प्रो खात्यात स्वतःचे संकेतस्थळनाव जोडण्याची सोय आहे. सुरुवातीला त्या खात्याची गरज नाही, पण कार्डांवर आणि भित्तिपत्रकांवर छापण्यासाठी आपल्या नावाचे संकेतस्थळ घेऊन ते तूर्त बँडकॅम्पच्या पानाकडे वळवून ठेवावे, म्हणजे उद्या दुकान बदलले तरी छापलेला पत्ता बदलावा लागणार नाही. खरेदीदारांची यादी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला उतरवून घ्यावी, तिची एक प्रत बँडमधल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावी आणि मूळ मास्टर फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात.