सीपीयू फॉरमॅट न मारता चालू करून दिला : नवी पेठेतल्या या रिपेअरिंगच्या दुकानाबद्दल

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे आणि ऑफिसचं सगळं मी बघते. पार्टीचे हिशेब, ई-वे बिलं, जीएसटी, सगळं एकाच जुन्या कॉम्प्युटरवर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आमच्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे विंडोज ११ चा रस्ता बंद. मशीन मात्र ठणठणीत. म्हणून भाच्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम टाकून दिली. दिवसभर काय सुंदर चाललं! रीस्टार्ट केलं तरी व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना उघडला तर काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस', म्हणजे मशीनला सिस्टिम सुरू करायला डिस्कच सापडेना.

भाच्याने परत इन्स्टॉल केलं. संध्याकाळपर्यंत ठीक, सकाळी पुन्हा तेच. मग घराजवळच्या एका दुकानात दाखवलं. तिथे मशीन न उघडताच निकाल मिळाला : हार्ड डिस्क गेली, नवीन घ्या, नाहीतर फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो.

नवी पेठेतल्या या दुकानाच्या मालकांनी सीपीयूला वायर जोडायच्या आधीच विचारलं, "ताई, रात्री मेन स्विच पाडता का ओ?" पाडतोच. शेवटची पाळी सुटली की कारखान्याचा मेन स्विच बंद, हा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम. त्यांनी मान हलवली, मशीन चालू करून डिलीट बटण दाबत बायोस, म्हणजे मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग, उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तारीख बघा की." तारीख २०१२ सालची होती.

मग बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो बाहेर काढून मल्टिमीटर लावला तर दोन व्होल्टसुद्धा भरेना. नवा सेल लावून पाहिला, काटा तीनच्या वर. हे सगळं माझ्यासमोर, काउंटरवर.

कारण त्यांनी असं सांगितलं : सेल मेला की बायोसची तारीख आणि सेटिंग फक्त करंट असेपर्यंत टिकते. मेन स्विच पाडला की आमचा बोर्ड कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातो, आणि या जुन्या बोर्डाची मूळ सेटिंग लेगसी, म्हणजे सिस्टिम सुरू करायची जुनी पद्धत, आहे. भाचा दर वेळी बायोसमध्ये यूईएफआय ही नवी पद्धत लावून मिंट टाकायचा. यूईएफआय डिस्कवरच्या छोट्या ईएफआय पार्टिशनमधली बूटची फाइल शोधतं, लेगसी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये बघतं. माल गोदामात पडलेला आणि टेम्पो दुसऱ्याच गेटवर उभा, असा प्रकार. डिस्कला काही झालेलंच नव्हतं. तरीही त्यांनी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे तिच्या तब्येतीचा अहवाल, उघडला आणि खराब सेक्टर शून्य असल्याचं दाखवलं. माझी सगळी बिलं जागच्या जागी होती. ती दिसली तेव्हा मला खरंच भरून आलं, मार्चअखेरचं काम त्यात होतं.

बूटच्या यादीत मिंटची नोंद 'उबुंटू' नावाने दिसते, ती परकी समजून उडवू नका, हेही त्यांनी भाच्याला फोन लावून सांगितलं. मिंट उबुंटूवरच बांधलेलं आहे, म्हणून ते नाव.

मला सगळ्यात जास्त पटलं ते पुढचं. यूईएफआय लावून, तारीख बरोबर करून त्यांनी मशीन माझ्या हातात दिलं नाही. वायर उपटून ठेवली, चहा मागवला, चहा निवांत झाल्यावर वायर जोडली. मशीन सरळ मिंटवर आलं. मग परत उपटली, परत जोडली. आमचा बिघाड वीज गेल्यावरच दिसणारा होता, तर तपासणीही तशीच हवी. रीस्टार्ट करून 'झालं बघा' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

पैसे सेलचे आणि तपासणीचे, एवढेच घेतले. नवी डिस्क विकण्याची आयती संधी समोर होती, ती घेतली नाही. पक्कं बिल मागावं लागलं, मागितल्यावर लगेच दिलं. दुपारी फोन उचलत नाहीत, आणि दुकान पहिल्या मजल्यावर असून जिना अरुंद आहे, सीपीयू घेऊन चढताना सोबत कुणीतरी असू द्या. गाडी लावायला तिथे जागा नाही, पार्क चौकाकडे लावून रिक्षाने या. येताना ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं तोच बरोबर आणा, मालक तो मागतातच. आणि मशीन कधी बंद पडतं, रीस्टार्टनंतर की वीज गेल्यावर, हे घरीच नीट बघून ठेवा. त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.