संहिता नाही, पण वर्गणी आधी

हौशी नाटकात खिशातले पैसे जातातच. तालमीच्या हॉलचं भाडं, कपडेपट, नेपथ्याचा टेम्पो, चहा-वडापाव, सगळे मिळून वर्गणी काढतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुण्यात ज्यांनी आम्हा काही जणांना गंडवलं त्यांनी नेमका याच रिवाजाचा फायदा उठवला, म्हणून हे लिहितेय.

मी नांदेडहून नोकरीसाठी आलेली. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या, इथे मात्र नाटकातलं कुणी ओळखीचं नव्हतं. इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली: 'राज्य नाट्य स्पर्धेसाठी कलाकार हवेत, अनुभवाची अट नाही.' सदाशिव पेठेतल्या एका हॉलवर ऑडिशन झाली. एक उतारा वाचून घेतला आणि संस्था चालवणारे सर म्हणाले, "आवाज छान आहे, पण अंग फार आखडलेलं आहे गं." (सगळ्यांचंच अंग आखडलेलं निघालं, हे आम्ही पुढे एकमेकांशी बोललो तेव्हा कळलं.) त्यावरचा इलाजही त्यांच्याकडेच: संस्थेचा डान्स क्लास, सहा महिन्यांचे बारा हजार, एकरकमी. शिवाय स्पर्धेची प्रवेश फी आणि निर्मिती खर्च म्हणून माणशी साडेसात हजार. पैसे सरांच्या स्वतःच्या यूपीआयवर किंवा रोख. पावती मागितली तर, "अगं, घरच्यासारखे आहोत आपण!"

डान्स शिकवायला येणारी मुलगी खरंच चांगली होती. मग ती यायची बंद झाली. तिलाही मानधन मिळालं नव्हतं. आम्हाला शाळकरी मुलांच्या बॅचमध्ये घुसडलं, तिथे गॅदरिंगचे नाच चालू होते.

नाटकाची संहिता कधी आलीच नाही. 'लेखक दुसरा अंक पुन्हा लिहितायत' हे ऐकत आम्ही तालमीत नुसते खेळ आणि इम्प्रोव्हायझेशन करत राहिलो. स्पर्धेच्या पुणे केंद्राचं वेळापत्रक जाहीर झालं, त्यात आमच्या संस्थेचं नावच नव्हतं. सरांचं उत्तर तयार होतं: यंदा राजकारण झालं.

राजकारण वगैरे काही नाही. ही स्पर्धा राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय घेतं. प्रवेशिका संस्थेच्या नावाने जाते, तिच्यासोबत लेखकाचं संमतीपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणारं शासनाचं मंडळ) प्रमाणपत्र लागतं. म्हणजे संहिता हातात नसताना कुणी 'आपली एन्ट्री गेलीय' म्हणत असेल तर ते शक्यच नाही. आणि प्रयोग केलेल्या संस्थेला निर्मिती खर्चापोटी ठरावीक रक्कम शासनच देतं. ती तुटपुंजी असते, पदरचे घालावे लागतात हे खरं. पण मग हिशेबाची वही सगळ्यांसमोर हवी.

पुण्यात नवीन असाल तर जाहिरातींच्या नादी लागण्यापेक्षा याच स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे प्रयोग बघायला जा. तिकीट नाममात्र असतं. आवडलेल्या नाटकाच्या मंडळींना प्रयोगानंतर विंगेत जाऊन भेटा. भूमिका लगेच मिळणार नाही. प्रॉम्प्टिंग (विसरलेली वाक्यं विंगेतून सांगायचं काम) देतील, नाहीतर लेव्हल, म्हणजे नेपथ्यातले लाकडी चौथरे, उचलायला लावतील. माझ्या मते तेच चांगलं लक्षण आहे. पहिल्याच भेटीत प्रमुख भूमिका आणि क्यूआर कोड एकत्र पुढे आले तर उठून या.

आम्ही पोलीस चौकीत गेलो होतो. "काही दिवस क्लास झाला ना? मग फसवणूक कशी?" असं म्हणत त्यांनी साधा अर्ज ठेवून घेतला. डान्स क्लासच्या फीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर मला आणि ज्यांच्याकडे यूपीआयची नोंद व व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज होते त्यांना क्लासचे निम्मे पैसे परत आले. नाटकाचे साडेसात हजार कुणालाच मिळाले नाहीत, आणि ज्यांनी रोख दिले होते त्यांच्या हाती तर काहीच लागलं नाही.