गणेशपेठेतील डायनमो-सेल्फचे दुकान: आधी मोजमाप, मग पाना

नागपुरात जुनी गाडी बाळगणाऱ्याने चार्जिंगची तक्रार सांगितली की बहुतेक ठिकाणी दोनच सल्ले मिळतात: बॅटरी बदला, नाहीतर डायनमो (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जुन्या पद्धतीचे यंत्र) उतरवून अल्टरनेटर (त्याच कामाचे नव्या पद्धतीचे यंत्र) बसवा. गणेशपेठेत बसस्थानकामागच्या गल्लीत सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), डायनमो आणि अल्टरनेटर दुरुस्तीचे एक लहानसे दुकान आहे. तेथे मीटरचे आकडे कागदावर उतरल्याशिवाय एकही नट सैल केला जात नाही, आणि केवळ या शिस्तीसाठी हे दुकान जुन्या गाड्यांच्या मालकांना माहीत असायला हवे, असे माझे मत आहे.

माझी गाडी १९७२ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू आहे. १४८९ सीसीचे इंजिन, लुकास पद्धतीचा डायनमो आणि बॉनेटखाली दोन कॉइलचा कटआऊट (डायनमोला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा स्विच आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर एकत्र असलेला डबा), अशी तिची मूळ रचना मी जपली आहे. दिवसा गाडी उत्तम चालत असे. पण रात्री हेडलाइट लावून वर्धा रोडने परतताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा तांबडा दिवा अगदी मंद पेटलेला दिसे, आणि अशा काही फेऱ्यांनंतर एखाद्या सकाळी सेल्फ इंजिनाला फिरवूच शकत नसे. शहरातल्या एका गॅरेजने त्यावर नवी बॅटरी घालायला लावली आणि तक्रार तशीच राहिल्यावर इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून दाखवली: इंजिन बंद पडले नाही, म्हणजे चार्जिंग आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही चाचणी आपल्याकडे सर्रास केली जाते, म्हणून स्पष्ट लिहितो की ती कोणत्याही गाडीवर करू नये. बॅटरी हा त्या विद्युतमंडलातील दाब (व्होल्टेज) सावरणारा भाग असतो. तो एकाएकी काढला की व्होल्टेज उसळते, अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात, आणि डायनमो असलेल्या गाडीतही त्यातून नेमके काहीच कळत नाही.

गणेशपेठेतल्या त्या दुकानाच्या काकांनी तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला तो दिव्याविषयी: "वेग वाढवला की तो विझतो, की वाढतो? आणि हेडलाइट बंद केले की?" माझ्या मते अर्धे निदान या प्रश्नातच झाले होते. या दिव्याचे एक टोक डायनमोच्या डी तारेला (वीज बाहेर आणणारी मुख्य तार) आणि दुसरे इग्निशन स्विचमधून बॅटरीच्या बाजूला जोडलेले असते. दोन्ही टोकांवर सारखा दाब असला की तो विझतो. तो मंद पेटतो याचा अर्थ डायनमो आणि बॅटरी यांच्यामधल्या वाटेत कुठेतरी व्होल्टेज हरवते आहे; आणि हेडलाइट लावल्यावरच पेटतो, म्हणजे विद्युतप्रवाह वाढला की हरवणारे व्होल्टेजही वाढते आहे.

तरीही त्यांनी अंदाजावर काम सुरू केले नाही. बॅटरीचा कोणता ध्रुव बॉडीला जोडला आहे, हे आधी पाहिले, कारण त्या काळातील काही गाड्यांत धन ध्रुव बॉडीला (म्हणजे अर्थला) जोडलेला असे. मग हायड्रोमीटरने (अ‍ॅसिडची घनता दाखवणारी नळी) बॅटरीच्या सहाही घरांतील अ‍ॅसिड तपासले. सर्व घरे सारखीच निघाली. एखादे घर मागे असते तर दोष बॅटरीचा ठरला असता. सारे स्विच बंद ठेवून अर्थच्या तारेत अँपिअर मीटर जोडला, तेव्हा काटा शून्यावर राहिला, म्हणजे उभ्या गाडीत कुठून करंट गळत नव्हता. घड्याळ किंवा रेडिओ नसलेल्या जुन्या गाडीत हा आकडा शून्यच असायला हवा. बेल्ट हाताने दाबून पाहिला, तो ठीक होता.

यानंतरची चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती वगळल्यामुळेच अनेक चांगले डायनमो विनाकारण रिवाइंडिंगला (आतली तार नव्याने गुंडाळायला) जातात. त्यांनी डायनमोवरच्या डी आणि एफ (फिल्ड कॉइलची) या दोन्ही तारा काढल्या, ते दोन्ही टर्मिनल उघड्या तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडले, व्होल्टमीटरचे एक टोक तेथे आणि दुसरे डायनमोच्या बॉडीवर धरले, आणि इंजिनाचा वेग अगदी हळूहळू वाढवायला सांगितले. कटआऊट पूर्णपणे बाजूला काढलेला असल्याने आता दिसणारा आकडा हा निव्वळ डायनमोचा असतो. तो झरझर वाढून वीस व्होल्टच्या घरात गेला की डायनमो निरोगी आहे आणि तेथेच थांबायचे, वेग आणखी वाढवायचा नाही. आकडाच आला नाही तर कार्बन (आतल्या फिरत्या भागावर घासून वीज घेणारे ब्रश) पाहायचे. एखाद्या व्होल्टवर अडकला तर फिल्ड कॉइलवर (चुंबकत्व निर्माण करणारी स्थिर कॉइल) संशय घ्यायचा. चार-पाच व्होल्टवर थांबला तर आर्मेचरवर (आत फिरणारा भाग). माझ्या गाडीचा आकडा वीसपर्यंत विनासायास गेला. ज्या डायनमोच्या जागी अल्टरनेटर बसवण्याचा सल्ला मला मिळाला होता, तो अशा रीतीने निर्दोष ठरला.

मग तारा पूर्ववत जोडून, इंजिन वेगात आणि हेडलाइट चालू ठेवून, कटआऊटच्या डी (डायनमोकडील) आणि ए (बॅटरीकडील) या टर्मिनलांमधील फरक मोजला. तो जवळजवळ दोन व्होल्ट होता. झाकण काढल्यावर कटआऊटचे पॉइंट (एकमेकांना टेकून वीज पुढे नेणारे धातूचे ठिपके) काळवंडलेले आणि ए टर्मिनलचा स्क्रू उष्णतेने रंग बदललेला दिसला. येथे काकांनी समजावलेली गोष्ट प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. व्होल्टेज नियंत्रित करणारी कॉइल डायनमोच्या बाजूचा दाब पाहते, बॅटरीच्या बाजूचा नाही. त्यामुळे पॉइंटवर दोन व्होल्ट हरवत असताना रेग्युलेटरला मात्र बॅटरी भरल्यासारखी वाटते, तो फिल्डचा करंट कमी करतो, आणि बॅटरी रात्रीमागून रात्र उपाशी राहते. नवी बॅटरी घालूनही तक्रार का राहिली, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

दुरुस्तीही तितक्याच काळजीने झाली. कटआऊटचे पॉइंट मऊ चांदीचे असतात, म्हणून त्यांवर एमरी पेपर न वापरता बारीक काचकागदाची पट्टी फिरवली. रेग्युलेटरच्या कठीण पॉइंटसाठी बारीक कार्बोरंडमचा दगड वापरला. दोन्ही स्पिरिटने पुसले. हा भेद पाळणारा कारागीर मला नागपुरात अन्यत्र भेटलेला नाही. टर्मिनल साफ करून आवळले, डायनमोचे झिजलेले कार्बन बदलले, मागच्या बुशाला (बेअरिंगला) तेलाचे थेंब दिले. त्यानंतर सेटिंग तपासले: कटआऊट १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान लागला (म्हणजे पॉइंट मिटून डायनमो बॅटरीला जोडला गेला) पाहिजे, आणि रेग्युलेटरचे खुल्या मंडलातील (बॅटरीपासून तोडून घेतलेले) वाचन अर्ध्या मिनिटाच्या आत संपवले पाहिजे, कारण कॉइल तापली की आकडा फसवा येतो. या रेग्युलेटरमध्ये तापमानाप्रमाणे व्होल्टेज कमी करणारी द्विधातूची पट्टी असते. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे सकाळच्या गारव्यातील सेटिंगवर विसंबणे बरोबर नाही, म्हणून नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) गाडी पुन्हा एकदा दाखवायला आणा, असे त्यांनी आपणहून सांगितले. निघताना डी आणि ए यांच्यातील फरक पुन्हा मोजून, आधीच्या आकड्यासमोर लिहून, तो कागद माझ्या हाती दिला आणि जुने कार्बनही परत केले.

मी जास्त ताकदीचे हॅलोजन बल्ब बसवण्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी कागदावर हिशेब मांडला. या जातीचा डायनमो फार तर २२ अँपिअर देतो. १०० वॅटचे दोन बल्ब सोळा-सतरा अँपिअर खातात, इग्निशनला तीन-चार लागतात, आणि मागचे दिवे, हॉर्न, वायपर अजून बाकीच असतात. त्यात सीताबर्डीच्या गर्दीत इंजिन आयडलवर असताना डायनमो जवळजवळ काहीच देत नाही. विक्री सहज होत असतानाही त्यांनी ती केली नाही, मूळ बल्बच ठेवायला सांगितले. अल्टरनेटर बसवण्याची सोय त्यांच्याकडे आहे, आणि ज्याला एसी किंवा जास्तीचे दिवे हवेत त्याने तो बसवावा, असे ते स्पष्ट सांगतात. मात्र काळवंडलेल्या पॉइंटवरचा तो उपाय नव्हे.

उणिवा आहेत आणि त्या सांगणे आवश्यक आहे. गाडी उन्हातच उभी करावी लागते, आणि गल्लीत दुसरी मोटार आली की ती हलवावी लागते. आर्मेचर रिवाइंडिंग ते बाहेरून करून घेतात व त्याची हमी देत नाहीत. ज्यांचा डायनमो खरोखर जळला आहे त्यांनी हे आधी विचारून घ्यावे. जुन्या कटआऊटचे सुटे भाग त्यांच्याकडे क्वचितच असतात. तपासणीचे पैसे ते दुरुस्तीपासून वेगळे घेतात, आणि काही ग्राहकांना ते खटकते. मला ते योग्य वाटते, कारण त्यामुळे भाग बदलून पैसे काढण्याची गरजच त्यांना उरत नाही. वेळ मात्र भरपूर हाताशी ठेवावा. काम घाईत मागणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी यायला सांगतात, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी दुकान बंद असते, म्हणून सकाळी उघडताच, चालू स्थितीतील गाडी घेऊन जाणे सर्वांत सोयीचे.